जागतिक मानसोपचाराचे विभाग आणि मालवणचा रुग्ण

सिंधुदुर्गातल्या एखाद्या गावी देवस्थानचे वार्षिक असते. ढोल वाजू लागतात, तरंग उचलले जातात आणि मानकऱ्यांपैकी एकाच्या अंगात अवसर येतो. तो घुमू लागतो, त्याचा आवाज बदलतो, गावकरी त्याच्यासमोर गाऱ्हाणे घालतात आणि तो उत्तरे देतो. तासाभराने तोच माणूस घाम पुसत चहा पिताना दिसतो. दुसऱ्या दिवशी तो शेतात किंवा होडीवर असतो. त्याच वाडीत चार घरे पलीकडे एखादी तिशीची बाई मात्र महिनोन्महिने अवेळी घुमते, जेवत नाही, स्वतःच्या मुलाला ओळख देत नाही. तिलाही 'बाहेरचे' झाले आहे असेच म्हटले जाते. गावाच्या भाषेत दोन्ही प्रसंगांना जवळजवळ एकच शब्द आहे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र पहिला माणूस निरोगी आहे आणि दुसरी बाई आजारी.

हा फरक जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात स्पष्ट शब्दांत नोंदवलेला आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत 'संचाराचा विकार' अशी वेगळी नोंद आहे. संचार अनिच्छेने होत असेल, त्या समाजाने मान्य केलेल्या धार्मिक वा सामूहिक प्रथेचा तो भाग नसेल आणि त्यातून त्या व्यक्तीला मोठा त्रास होत असेल किंवा तिचे दैनंदिन व्यवहार ठप्प होत असतील, तरच तो विकार मानावा, असा तिचा आशय आहे. दहाव्या आवृत्तीतही या विचाराचे बीज होते. अकराव्या आवृत्तीने ते अधिक नेमके केले. देवळातला अवसर रोगाच्या यादीत घालायचा नाही आणि त्या बाईला भगताच्या अंगाऱ्यावर सोडून द्यायचे नाही, या दोन्ही गोष्टी एकाच नोंदीने साधल्या. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांत आजही एक तर सगळेच वेड किंवा सगळेच ढोंग असा निवाडा दिला जातो. त्यापेक्षा ही नोंद निश्चितच शहाणपणाची आहे.

असे शहाणपण एका रात्रीत येत नाही. निरनिराळ्या संस्कृतींत मनोविकार कसे दिसतात याचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी अनेक दशके जो वाद घातला, त्याचा तो परिपाक आहे; आणि त्या वादाच्या ठिकाणांपैकी एक म्हणजे जागतिक मानसोपचार संघटनेचा आंतरसांस्कृतिक मानसोपचार विभाग. या संघटनेत असे साठाहून अधिक वैज्ञानिक विभाग आहेत. वृद्धांचे मानसोपचार, ग्रामीण मानसिक आरोग्य, आपत्ती, व्यसने, आत्महत्या, धर्म आणि अध्यात्म, मनोविकारांभोवतीचा कलंक, वर्गीकरण, वैद्यकीय शिक्षण अशी त्यांची व्याप्ती आहे. आपल्याकडे वृत्तपत्रांत या संघटनेचे नाव आले तर ते बहुधा एखाद्या अधिवेशनाच्या बातमीपुरते येते. तिच्या विभागांचे काम मात्र सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्याच्या प्रश्नांना थेट भिडणारे आहे, आणि तरीही ते तेथपर्यंत पोहोचत नाही. असे का होते, ते पाहण्यासारखे आहे.

संघटनेचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. १९५० मध्ये पॅरिस येथे मानसोपचाराची पहिली जागतिक परिषद भरली आणि १९६१ मध्ये संघटना रीतसर स्थापन झाली. (संचार आणि मोहनिद्रा यांचा विषय निघालाच आहे, तर एक आठवण: याच पॅरिसमध्ये १८१३ मध्ये गोव्यातील कांदोळी येथे जन्मलेले धर्मगुरू आबे फारिया मोहनिद्रेवर जाहीर व्याख्याने देत होते. मोहनिद्रेची शक्ती चुंबकात किंवा मोहित करणाऱ्याच्या हातात नसून त्या माणसाच्या स्वतःच्या मनात असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पणजीत त्यांचा पुतळा आहे. आपल्यापैकी बहुतेकजण त्याच्यापुढून फेरीबोटीकडे जातात.) सोव्हिएत संघराज्यात राजकीय विरोधकांना मनोरुग्ण ठरवून डांबले जात असल्याच्या प्रश्नावरून संघटनेत मोठा संघर्ष झाला. १९७७ मध्ये हवाई येथे नीतितत्त्वांचा जाहीरनामा संमत झाला, १९८३ मध्ये सोव्हिएत संस्था बाहेर पडली आणि १९८९ मध्ये अथेन्सच्या अधिवेशनात अटींवर परतली. १९९६ च्या माद्रिद जाहीरनाम्याने ही तत्त्वे पुढे नेली. २०१४ ते २०१७ या काळात संघटनेचे अध्यक्षपद भूषवणारे दिनेश भुग्रा यांचे वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात झाले होते, तर केरळचे रॉय अब्राहम कल्लिवयलिल हे सरचिटणीस होते. तेव्हा ही संस्था आपल्याला परकी आहे असे मानण्याचे कारण नाही.

विभागांचे काम तीन प्रकारे चालते. परिषदांत चर्चासत्रे भरवणे हा पहिला आणि सर्वांत सोपा प्रकार. मतैक्याची निवेदने तयार करणे हा दुसरा, आणि शिक्षणक्रम, प्रशिक्षण यांसाठी नमुने घालून देणे हा तिसरा. पहिल्या प्रकाराबद्दल फारसे बोलण्यासारखे नाही. कोणत्याही व्यवसायाची संमेलने होतात तशी तीही होतात. खरी किंमत आहे ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला.

वृद्धांच्या मानसोपचाराचा विभाग हे याचे चांगले उदाहरण. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने या विभागाने स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १९९६ पासून काही निवेदने सिद्ध केली. वृद्धांचे मनोविकार ही स्वतंत्र शाखा का असावी, सेवेची रचना कशी असावी, शिक्षण कसे द्यावे, आणि २००२ मध्ये, वृद्ध मनोरुग्णांच्या वाट्याला येणारा कलंक व भेदभाव कसा कमी करावा. रुग्णाला रुग्णालयात आणण्याऐवजी शक्यतो त्याच्या घरी पोहोचावे आणि काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांनाही रुग्णाइतकेच महत्त्व द्यावे, हा त्यांचा गाभा.

आता सिंधुदुर्गाकडे पाहा. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना येथे ती घटली. दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया आणि साडेबारा टक्क्यांच्या आसपास शहरी वस्ती, हे आकडे वाचले की चित्र डोळ्यांपुढे उभे राहते: कर्ती माणसे मुंबईत, गावातल्या चिरेबंदी घरात म्हातारी माणसे, आणि त्यांतही बायका अधिक. चाकरमानी चतुर्थीला येतो, आठ दिवस घर भरते. आईने एकाच गोष्टीबद्दल तिसऱ्यांदा विचारले की 'आता वय झाले' असे म्हणून तो परत निघतो. शिमग्याला आल्यावर आई शेजारच्या वाडीत वाट चुकली होती असे कळते. तरीही बहुधा 'म्हातारचळ' या एका शब्दात विषय मिटतो. देशव्यापी पाहणीवर आधारलेला २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा की साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. म्हातारी, बाई आणि खेडे या तिन्ही गोष्टी एकत्र कुठे सापडतात हे कोकणी माणसाला सांगायला नको. लोझानच्या निवेदनांत ज्या 'काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांचा' वारंवार उल्लेख येतो, तो कुटुंबीय येथे परळ किंवा डोंबिवलीत असतो.

आपत्तींच्या विभागाचीही हीच गोष्ट. या विषयात महाराष्ट्राला स्वतःचा अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पात डॉ. मोहन आगाशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठवाड्यातील भूकंपग्रस्तांच्या मनःस्थितीचा अभ्यास केला होता. घर पुन्हा बांधून झाले तरी मन उभे राहायला वेळ लागतो, हे त्या काळात आपल्याला प्रथमच नीट कळले. कोकण किनाऱ्याच्या आपत्ती निराळ्या जातीच्या. नोव्हेंबर २००९ मधील फयान वादळात समुद्रात असलेले मच्छीमार परतले नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मालवण-देवगडच्या किनाऱ्याला झोडपले. होड्या, जाळी, आंब्या-काजूची झाडे आणि घरांवरची कौले गेली. अशा वेळी पंचनाम्यात होडी येते, झाड येते. पुढच्या पावसाळ्यात वाऱ्याचा आवाज चढला की रात्रभर जागा राहणारा मच्छीमार कोणत्याच पंचनाम्यात येत नाही. त्यातच १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, हातात काम नसते, आणि गोव्याची दारू फार लांब नसते. व्यसनांचा विभाग आणि आपत्तीचा विभाग संघटनेच्या रचनेत वेगळे असतील. मालवणच्या बंदरावर त्यांचा रुग्ण एकच आहे.

अडचण येथेच आहे. ज्ञानाची वाढ विभागांनी होते. त्याला पर्याय नाही. प्रत्येकाने सगळेच पाहायचे ठरवले असते तर संचार आणि विकार यांतला फरक इतक्या काटेकोरपणे कोणी मांडला नसता. परंतु विभाग करणे हे भरपूर तज्ज्ञ असलेल्या ठिकाणीच परवडते. भारतात दर लाख लोकांमागे पाऊण मनोविकारतज्ज्ञ आहे असा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. निदान तीन असावेत असे मानले जाते. राष्ट्रीय सरासरीने सिंधुदुर्गाच्या वाट्याला सहा-सात तज्ज्ञ येतात, आणि ही सरासरी महानगरांनी फुगवलेली आहे हे उघड आहे. अशा जिल्ह्यातला डॉक्टर सकाळी स्मृतिभ्रंशाची आजी, मग दारू सोडवू पाहणारा खलाशी, मग परीक्षेच्या भीतीने जेवण टाकलेली मुलगी, आणि दुपारी 'बाहेरचे' झालेली बाई पाहतो. साठ विभाग त्याला एकट्याला व्हावे लागतात. त्याच्यासाठी साठ विभागांचे सार एका वहीत मावेल असे कोणी लिहिले आहे काय? ग्रामीण मानसिक आरोग्याचा विभाग हे काम करील अशी अपेक्षा असते, पण तोही साठांतला एक विभाग होऊन बसतो. ग्रामीण हा जणू एखादा आजार असावा, तसा!

याचे उत्तर मात्र मालवणहून फार लांब नाही. गोव्यातील 'संगत' या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवून पाहिले. डिसेंबर २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १२ सरकारी केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने होते. सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते; नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होते. फरक मोठा आहे. पण खासगी दवाखान्यांत असा फरक पडला नाही. तेथे दोन्ही गटांत रुग्ण सारख्याच प्रमाणात, सुमारे ६५ टक्के, सुधारले. याचा एक संभाव्य अर्थ असा की घराण्याची तीन पिढ्यांची माहिती असलेला, चार शब्द बोलणारा डॉक्टर हे काम नकळत करीतच असतो. कोकणातल्या तालुक्याच्या गावी असे डॉक्टर अजून आहेत. त्यांच्या औषधाइतकाच त्यांच्या ओट्यावरच्या बाकाचा गुण असतो. २०१७ मध्ये त्याच गोव्यात नैराश्य आणि पुरुषांचे घातक मद्यपान या दोन्हींसाठी स्थानिक समुपदेशकांच्या संक्षिप्त उपचारांचे अभ्यास प्रसिद्ध झाले, आणि तेही उत्साहवर्धक होते.

गोव्याचे हे काम आज जगभर वाखाणले जाते. बांद्याचे नाके ओलांडून ते शेजारच्या जिल्ह्यात मात्र त्या वेगाने आले नाही. उलट दिशेने रुग्णच जात राहिले. सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांना बांबोळी जवळ. तेथेच गोव्याची मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थाही आहे. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात शुल्क लावले तेव्हा सिंधुदुर्गात संताप उसळला आणि आंदोलन झाले. त्या संतापात हृदयरोग, अपघात, डायलिसिस यांचा उल्लेख होता. मनोरुग्णांसाठी कोणी घोषणा दिल्याचे ऐकिवात नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. ज्या आजाराचे नाव घरात घेतले जात नाही त्यासाठी रस्त्यावर कोण येणार? संघटनेने १९९६ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या कलंकाविरुद्ध जी जागतिक मोहीम सुरू केली तिच्यात भारतही होता, पण ते काम प्रामुख्याने चेन्नईच्या बाजूला झाले.

दुसरा रस्ता रत्नागिरीचा. राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी रत्नागिरीचे सर्वांत लहान, ३६५ खाटांचे. मालवणहून एस.टी.ने जायला चार-पाच तास. अस्वस्थ रुग्णाला घेऊन हा प्रवास कसा होतो, हे ज्याने एकदा केला त्याला विचारावे. शेजारच्या प्रवाशांच्या नजरा, हातखंब्याला गाडी बदलणे, आणि परतताना पिशवीत महिन्याभराच्या गोळ्या. पुढच्या महिन्यात लावणी असते. गोळ्या संपतात, जाणे होत नाही, आणि दिवाळीपर्यंत रुग्ण पुन्हा पहिल्या जागी येतो. उपचार 'लागू पडले नाहीत' असे मग म्हटले जाते.

कायद्याचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या अठराव्या कलमात मानसिक आजार असलेल्या कोणालाही सेवेसाठी दूरचा प्रवास करावा लागू नये आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध असावी, असे शासनाचे कर्तव्य सांगितले आहे. किमान सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घ्यावेत आणि खर्च शासनाने सोसावा, अशीही तरतूद आहे. यातले 'त्याच जिल्ह्यातल्या' हे शब्द लक्षात घेण्याजोगे आहेत. ज्या जिल्ह्यात दुसरे ठिकाणच दुर्मिळ, तेथे ही तरतूद कागदावर राहते, आणि शेजारच्या राज्यात जाणाऱ्या रुग्णाला तिचा आधार नाही.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ पासूनचा जिल्हा कार्यक्रम यांमागे डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी चंडीगडजवळच्या रायपूर राणी येथे आणि बंगळूरच्या संस्थेने आपल्या परिसरातील खेड्यांत १९७५ च्या सुमारास केलेले प्रयोग होते. ग्रामीण मानसोपचारात भारताने जगाला काही दिले ते तेथे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा सुरू आहे आणि ती मराठीत उपलब्ध आहे. महाराष्ट्राने विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' काढला, तो आवश्यकच होता. पण आपल्याकडे धोरण आकड्याच्या आवाजाने जागे होते. कोकणातले दुःख हळूहळू होणारे, घराघरांत विखुरलेले. त्याचा आवाज मंत्रालयापर्यंत जात नाही.

धर्म आणि अध्यात्म या विभागाचा उल्लेख मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो सर्वांत नाजूक आहे. संघटनेने या विषयावर स्वीकारलेले निवेदन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखकांत दिल्लीचे डॉ. अवधेश शर्मा होते. रुग्णाच्या श्रद्धांची विचारपूस हा तपासणीचा भाग असावा, डॉक्टरने स्वतःची श्रद्धा वा अश्रद्धा रुग्णावर लादू नये आणि धर्मक्षेत्रातील व्यक्तींशी सहकार्य करावे, असे त्यात म्हटले आहे. दाभोलकरांच्या महाराष्ट्रात यावर शंका घेतली जाणे रास्त आहे. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या झोपड्यांना आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले, ही घटना विसरता येत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भुताच्या नावाखाली मारहाण, साखळदंड यांना गुन्हा ठरवले आणि वैद्यकीय उपचारांपासून रोखणेही गुन्ह्यात आणले. पण सहकार्य म्हणजे शरणागती नव्हे. गुजरातमध्ये उनावा येथील दर्ग्यात 'दवा आणि दुआ' असा प्रयोग झाला. तेथे येणाऱ्या रुग्णांना मुजावरांच्याच सांगण्यावरून डॉक्टरकडे पाठवले जाऊ लागले. सिंधुदुर्गात गावऱ्हाटीचे मानकरी कौल लावून देतात. त्या कौलात 'देवाचे आम्ही बघतो, पण हिला ओरोसला घेऊन जा' एवढे एक वाक्य आले, तर ते कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा अधिक काम करील. प्रस्तुत लेखकाला अंगारा-धुपाबद्दल कोणतेही प्रेम नाही. परंतु त्या बाईचे नातेवाईक प्रथम कोणाकडे जातात हे नाकारूनही चालणार नाही.

ओरोसला २०२१ मध्ये १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. संघटनेने १९९९ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक महासंघाबरोबर वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मानसोपचाराचा पायाभूत अभ्यासक्रम तयार केला होता. प्रत्येक भावी डॉक्टरला, मग तो हाडांचा होवो वा डोळ्यांचा, मनोविकार ओळखता यावा हा त्याचा हेतू. आपल्या पदवी अभ्यासक्रमात मानसोपचार हा अजूनही स्वतंत्र परीक्षेचा विषय नाही. तो सामान्य वैद्यकशास्त्राच्या पेपरात मिसळलेला असतो, आणि परीक्षेत जे येत नाही ते विद्यार्थी वाचत नाही. ओरोसच्या पहिल्या तुकड्या आता बाहेर पडतील. त्यांतले काहीजण मसुरे, आचरा, चौके अशा आरोग्य केंद्रांवर नेमणुकीला जातील. केंद्राच्या दारात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्या घुमणाऱ्या बाईला घेऊन येईल, आणि बाहेर रिक्षात तिचा मुलगा बसलेला असेल.